न्वाकाचे एक्केचाळीस शब्द

माझ्या नावावर एक पुस्तिका आहे. चौसष्ट पानांची, करड्या कव्हराची. रासायनिक क्रिया का घडते, किती वेगाने घडते, मधे काय होतं, या विषयातले शब्द तीत सोप्या भाषेत सांगितले आहेत. आमच्याकडे पोरांच्या दोन पिढ्या ती वाचून पास झाल्या. अजूनही एखाद्या लग्नात कुणी टक्कल पडलेला डॉक्टर मला गाठतो आणि म्हणतो, "मॅडम, तुमच्या त्या पाण्याच्या घमेल्यानं मला तारलं हो!" मी हसते आणि त्याच्या बायकोची चौकशी करते.

ते घमेलं माझं नव्हतं. ते न्वाकाएगो एझेउडूचं होतं.

१९६५ साली इबादान शहराबाहेरच्या आमच्या विज्ञान कॉलेजात आम्ही दोघी पुढचं शिक्षण घेत होतो आणि खालच्या वर्गांचे प्रयोगही सांभाळत होतो. मी इबिदुन, इथलीच, योरुबा. ती पूर्वेकडची, इग्बो. या विषयात बायका आम्ही दोघीच, म्हणून खिडकीजवळचं एकच टेबल दोघींत मिळून दिलेलं. पहिल्या दिवशी तिने टेबलाच्या मधोमध खडूने रेघ मारली. दुपारपर्यंत तिचाच पसारा रेघ ओलांडून माझ्याकडे आला होता.

"रेघ कुणी मारली होती?" मी विचारलं.

"मी. म्हणजे मला पुसता येते," ती म्हणाली आणि हाताने पुसून टाकली.

उंच, मोठ्या आवाजाची पोरगी. पेन्सिल डोक्याच्या फडक्यात खोचायची आणि मग तीच पेन्सिल शोधत सगळ्यांवर आळ घ्यायची. मी कुणाला वाकून नमस्कार करून ख्यालीखुशाली विचारायला लागले की ही मागून म्हणायची, "झालं! योरुबांचा नमस्कार संपेपर्यंत माझी क्रिया संपून जाईल."

"आणि तुम्ही इग्बो विहिरीत पडलात तरी आधी विचाराल, विहीर विकायची आहे का."

"विचारायलाच पाहिजे. पडलेच आहे तर चौकशी करायला काय जातं?"

आमचं काम कंटाळवाणं होतं. एका ठरावीक तापमानाच्या पाण्यात बाटली ठेवायची, दर दहा मिनिटांनी त्यातलं थोडं पिपेटने उचलून बर्फात गार केलेल्या आम्लात सोडायचं. तिथे क्रिया थांबते. मग थेंब थेंब मोजून पाहायचं, किती घडलं आणि किती राहिलं. रेणूच्या एका टोकाला क्रिया चालते आणि दुसऱ्या टोकाला आपण वेगवेगळे गट बसवून पाहतो. त्या टोकाला बसलेला गट क्रियेला हातसुद्धा लावत नाही, पण त्याच्या नुसत्या असण्याने वेग शंभरपट वाढतो किंवा निम्म्यावर येतो. न्वाकाला याचं फार नवल वाटायचं. "बघ ना," ती म्हणायची, "लांब ओसरीवर बसलेल्या सासऱ्यासारखं. बोलत काही नाही, पण स्वयंपाकघरात सगळ्यांचे हात भराभर चालतात."

पाण्याच्या टाकीचं तापमान सांभाळायला लामिदी बाबा होते. काचसामानही तेच धुवायचे. साठीला आलेले, आम्हाला पोरी म्हणायचे. "पंचवीस अंश, पोरींनो," ते टाकीवर थाप मारून सांगायचे, "माझ्या बायकोचा पारा चढेल, हिचा नाही."

वहीची सुरुवात एका तोंडी परीक्षेमुळे झाली. खालच्या वर्गातल्या एका मुलाला न्वाकाने विचारलं, संक्रमण अवस्था म्हणजे काय. त्याने पुस्तकातली व्याख्या एका श्वासात म्हणून दाखवली. "छान. म्हणजे काय?" तिने विचारलं. त्याने तीच व्याख्या पुन्हा म्हटली, जरा मोठ्याने. ती टेबलाशी येऊन बसली आणि डोकं धरून म्हणाली, "इबी, ही पोरं मंत्र म्हणतायत गं."

त्या आठवड्यात तिने निळी वही आणली आणि एकेक शब्द लिहायला घेतला. साध्या, बाजारातल्या भाषेत. संक्रमण अवस्थेपाशी तिने लिहिलं: बाई पाण्याचं भरलेलं घमेलं डोक्यावर घेते. घमेलं गुडघ्यावरून सुटलेलं असतं आणि डोक्यावर टेकलेलं नसतं, तो क्षण. तिथे कुणी थांबू शकत नाही. पण काम होणार की नाही, ते तो क्षण किती जड आहे त्यावर ठरतं. पुढचा शब्द, मधला पदार्थ: वाटेत बाईने घमेलं कठड्यावर ठेवलं आणि दम खाल्ला. इथे थांबता येतं, थोडा वेळ. या दोन गोष्टी एक समजू नका.

वेग ठरवणारी पायरी म्हणजे डुग्बे बाजारातल्या गटारावरची एकच फळी: अलीकडे सुरणाचे दहा ट्रक उभे असोत, पलीकडे पोचणार फळीवरून एका वेळी एक माणूस नेईल तेवढेच. आणि द्रावकाचा पिंजरा नावाचा एक शब्द आहे, त्यापाशी तिने लिहिलं होतं: गर्दीत जोडप्याचा हात सुटला. चारी बाजूंनी माणसं इतकी दाटलेली की दोघांना लांब जाता येत नाही, ती पुन्हा एकमेकांवर आपटतात. तेवढ्या वेळात ती परत जुळू शकतात. पण एकदा एकाला फट मिळून तो बाहेर पडला, की मग दुसऱ्याला तो सापडत नाही.

असे एक्केचाळीस शब्द झाले. त्यातल्या तीन शब्दांची उदाहरणं मी सुचवली होती. ही तीनची गोष्ट मी पुढे स्वतःला फार वेळा सांगितली.

१९६६ च्या मेमध्ये उत्तरेकडे इग्बो लोकांना मारल्याच्या बातम्या आल्या. मग सप्टेंबरात पुन्हा आल्या आणि थांबेचनात. न्वाकाचा थोरला भाऊ उत्तरेतच, कानोला, रेल्वेत कारकून होता. पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून येत होत्या, तिचे वडील दर गाडीला स्टेशनवर जाऊन उभे राहत होते. ऑक्टोबरात त्यांचं पत्र आलं. तिने ते टेबलाशी उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं झाली होती. तिने नमुना काढला, थेंब मोजले, आकडा लिहिला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"वडील आता स्टेशनवर जात नाहीत म्हणे."

दोन दिवसांनी ती निघाली. शहरात आमच्याकडे तोवर काही झालं नव्हतं, पण इग्बो कुटुंबं सामान बांधत होती आणि शेजारी दारातून बघत होते. सकाळी ती प्रयोगशाळेत आली तेव्हा तिची बाटली टाकीत चालूच होती.

"चारपर्यंतचे नमुने तू घे," ती म्हणाली. "शेवटचा तरी नीट घे, तुझा हात थरथरतो."

"माझा नाही थरथरत."

"आज थरथरेल." मग तिने निळी वही माझ्यापुढे ठेवली. "ही पोरांना देत जा. परत आले की मागेन. पान फाटलं तर तुझ्याकडून भरून घेईन."

लामिदी बाबांनी तिची पेटी डोक्यावर घेतली. ती नको नको म्हणत होती. लॉऱ्यांच्या अड्ड्यावर माझी आई गारी, म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, आणि तळलेले मासे बांधून घेऊन आली होती. तिने न्वाकाच्या डोक्यावर हात ठेवून योरुबात लांबलचक आशीर्वाद दिला. न्वाकाला त्यातलं निम्मं कळलं नसेल, पण ती शेवटपर्यंत मान वाकवून उभी राहिली, आणि त्या दिवशी तिने योरुबांच्या लांबणीची चेष्टा केली नाही. लॉरी निघाली तशी बाबा तिच्याबरोबर थोडं चालत गेले, मग थांबले.

तिची तीन पत्रं आली. पुढच्या वर्षी पूर्वेकडचा प्रांत देशातून फुटून निघाला, जुलैत युद्ध सुरू झालं आणि नायजर नदीच्या पलीकडून काहीही यायचं थांबलं.

मी शिकवायला लागले होते. वही पोरांना देत होते, पोरं ती उतरवून घेत होती, उतरवलेल्या वह्यांवरून आणखी पोरं उतरवत होती. आमचे विभागप्रमुख डॉ. विल्मट इंग्रज होते, मनाने वाईट नव्हते. त्यांच्या हाती त्यातली एक वही पडली. त्यांनी मला बोलावलं.

"मिस फालोहुन, हे उत्तम आहे. छापू या."

"हे न्वाकाएगोचं आहे, सर."

त्यांनी चष्मा काढला. "ती पलीकडच्या बाजूला आहे. तसलं नाव कव्हरवर असलेलं पुस्तक आज इथला एकही छापखाना घेणार नाही, तुम्हालाही माहीत आहे. तुमच्या नावाने काढा. ती परत आली की पाहता येईल."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण कव्हर म्हणजे काही पूर्ण पुस्तक नव्हे. प्रस्तावनेत एक ओळ घालता आली असती, नाव न घेता, एका मैत्रिणीची म्हणून. मी ती ओळ लिहिली होती. छापायला द्यायच्या सकाळी खोडली. भीती होती असं मी म्हणते, आणि भीती होतीही. पण ती ओळ नसताना पान जास्त चांगलं दिसत होतं, हेही मला त्या सकाळी दिसलं होतं.

पुस्तिका निघाली. मला कायमची नोकरी मिळाली. एक वर्ष इंग्लंडला जाऊन आले. लोक माझी उदाहरणं म्हणून ती उदाहरणं सांगायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर मी दचकेनाशी झाले. लामिदी बाबांना वाचता येत नव्हतं. एकदा टाकी पुसता पुसता ते म्हणाले, "त्या पोरीची वही छापली म्हणे. बरं केलंस. आली की खूश होईल." मी हो म्हटलं.

१९७० च्या जानेवारीत युद्ध संपलं. न्वाका आली ती त्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये, कळवल्याशिवाय.

मी व्हरांड्यातून येत होते. माझ्या खोलीच्या दाराशी बाकावर एक बाई बसली होती. आधी मला वाटलं कुणा विद्यार्थ्याची आई. केस पुढे पांढरे, गालफडं वर आलेली. डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. शेजारी एक मुलगी पुस्तिका उघडून पाठांतर करत होती आणि ती बाई तिला म्हणत होती, "नाही गं, बघ ना, घमेलं कठड्यावर ठेवलं म्हणजे ती वेगळी गोष्ट झाली."

"इथे तेच लिहिलंय, मावशी!" मुलगी चकित होऊन म्हणाली. "तुम्हाला कसं माहीत?"

न्वाकाने तिच्या हातातली पुस्तिका घेतली. पानं उलटली. मधेच एका ठिकाणी तिला हसू आलं, अगदी पूर्वीचं, खांदे हलवणारं. मग तिने पुस्तिका मिटली आणि कव्हर पाहिलं. मुलीला ती परत देऊन म्हणाली, "नीट वाच."

तेवढ्यात तिने मला पाहिलं.

आम्ही मिठी मारली. ती इतकी हलकी झाली होती की मला हात कुठे ठेवावा कळेना. खोलीत आल्यावर मी दार लावलं आणि बोलायला लागले: युद्ध, छापखाना, डॉ. विल्मट, ते आता मायदेशी परत गेले आहेत, मी ओळ लिहिली होती…

"इबी," ती म्हणाली, "मला पाणी दे."

पाणी प्यायली. मग तिने स्वतःचं सांगितलं, जणू प्रयोगाच्या नोंदी वाचून दाखवतेय. युद्धात ती रानातल्या एका तुकडीत होती. ताडतेलाच्या पिंपांत कच्चं तेल उकळून ट्रकसाठी पेट्रोल काढायचे. एक पिंप फुटलं, त्यात बोटं गेली. तिथल्याच एका शिक्षकाशी तिने लग्न केलं होतं. तो आघाडीवरून परत आला नाही. मुलगी झाली होती, ओलान्मा. दीड वर्षाची असताना तिचे केस तांबूस झाले, पाय सुजले.

"मला माहीत होतं काय होतंय ते," न्वाका म्हणाली. "शरीरात कोणती क्रिया कशाअभावी थांबलीय, सगळं माहीत होतं. कागदावर लिहून दिलं असतं. वाटीभर दूधभुकटी हवी होती."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

मग ती म्हणाली, "त्यात एक चूक केलीयस तू."

"कशात?"

"पिंजऱ्याच्या शब्दात. मी 'परत जुळू शकतात' लिहिलं होतं. तू 'परत जुळतात' छापलंस. आणि पुढचं वाक्य कुठे गेलं?"

"जागा नव्हती पानावर," मी म्हणाले.

ते खरं नव्हतं. युद्ध चालू असताना ते वाक्य माझ्याकडून टाइप झालं नव्हतं. एवढं तरी तिला सांगायला हवं होतं. मी जागेचं कारण सांगितलं.

"मुली शिकतायत ना त्याच्यावर?"

"हो."

"मग ते तेवढं दुरुस्त कर. चुकीचं शिकू नयेत."

ती पुस्तिकेसाठी आलीच नव्हती. तिची सगळी प्रमाणपत्रं घराबरोबर जळली होती. इथे शिकत होती, इतकं काम केलं होतं, असा कॉलेजचा कागद मिळाला तर गावाकडच्या मुलींच्या शाळेत नोकरी मिळणार होती. मी म्हटलं, शाळेत कशाला, इथे प्रयोगशाळेत जागा आहे. ती पाठ ताठ करून बसली. मी नव्या विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, पूर्वेकडच्या माणसांचं प्रकरण वरच्या समितीकडे जातं, सहा महिने लागतात, आणि खरं सांगू का मिस फालोहुन, दोन बोटं नसलेली बाई पिपेट कशी धरणार? मी म्हणायला हवं होतं की तुम्ही ज्या पुस्तिकेवरून शिकवता ती या बाईने लिहिलीय. वाक्य तोंडात आलं होतं. मी म्हणाले, "बरं, सर. मग निदान कागद तरी द्या."

कागद मिळाला. लामिदी बाबा तेव्हा आजारी होते. ती त्यांच्या घरी जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी गेली. मी तिला अड्ड्यावर सोडायला गेले. तिने पुस्तिकेचा विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

पुढची सहा-सात वर्षं पत्रं चालू होती. तिच्या पत्रांत फक्त शाळा आणि रसायन. टाकी नाही, म्हणून ती मातीच्या रांजणात पाणी ठेवून तापमान कसं सांभाळते. कोणत्या मुलीने काय अडाणी उत्तर दिलं. मी काचसामानाची खोकी पाठवायचे. एकदा तिने लिहिलं, "पिपेट उजव्या हाताने धरतात, हे तुझ्या त्या विभागप्रमुखांना सांग." म्हणजे कुणीतरी तिला ते बोलणं सांगितलं होतं, किंवा तिने दाराबाहेरून ऐकलं होतं.

१९७८ मध्ये दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. कव्हरवर आधी न्वाकाएगो एझेउडू छापलं, खाली बारीक अक्षरात माझं, संपादक म्हणून. पिंजऱ्यापाशी तिची दोन्ही वाक्यं जशीच्या तशी घातली. पहिल्या पन्नास प्रती तिला पोस्टाने पाठवल्या. महिन्याभराने गठ्ठा परत आला. वर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: मयत.

मी गठ्ठा घेऊन निघाले. ऑका शहराच्या अलीकडे तिचं गाव. धाकटी बहीण ओबियागेली त्याच शाळेत शिवण शिकवत होती. तिने सांगितलं, चार महिने झाले. मूत्रपिंडं निकामी झाली. दवाखान्यात न्यायला उशीर झाला, कारण न्वाका परीक्षेपर्यंत थांबा म्हणाली.

मी गठ्ठा उघडून एक प्रत तिच्या हातात दिली. तिने कव्हर वाचलं. बराच वेळ वाचत राहिली, जणू नाव लांब होतं.

"तिला राग नव्हता," मी म्हणाले. का म्हणाले, ठाऊक नाही. "तिने मला कधी एका शब्दानेही…"

"मॅडम," ओबियागेली म्हणाली, "इबादानहून आली तेव्हा ती दोन दिवस उठली नाही. आई म्हणाली, पोरगी गेली तेव्हा रडली नाही, आता कशाला रडते? ती आईला म्हणाली, माझ्याकडे तेवढंच उरलं होतं."

मी गठ्ठ्याची सुटलेली दोरी गुंडाळायला लागले.

"तिने तुमचं पुस्तक वर्गात कधी आणलं नाही," ती पुढे म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आणायची गरजच नव्हती, तिला पाठ होतं. पण मुली बाहेरून आणायच्या, आणि म्हणायच्या, बाई, तुम्ही या पुस्तकातलं शिकवता. त्यावर ती हो म्हणायची."

"मी आता सगळ्यांना सांगेन. कॉलेजात, पेपरात…"

"सांगा. सांगायला पाहिजेच. पण तिला बरं वाटावं म्हणून सांगताय असं मला सांगू नका." तिने गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला. "हे शाळेत ठेवते. मुलींना लागतील."

मग ती म्हणाली, "लॉरी तीनला आहे. आई मागे अंगणात आहे, तिच्यापाशी बसा. ती वहीबिहीतलं काही जाणत नाही. मी तिला एवढंच सांगितलंय, इबादानहून मैत्रीण आलीय."

म्हातारी चटईवर बसून एगुसीच्या, म्हणजे रानकलिंगडाच्या, बिया सोलत होती. तिला योरुबा येत नव्हतं, मला इग्बो येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, माझा हात धरून खाली बसवलं आणि टोपलं आम्हा दोघींच्या मधे सरकवलं. बिया वाळलेल्या होत्या, टरफलं नखांत घुसत होती. मला ते काम नीट जमत नव्हतं. मी फोडलेल्या बिया ती पुन्हा उचलून साफ करत होती, न बोलता. तीन वाजता ओबियागेलीने हाक मारली तेव्हा टोपल्यात अजून बऱ्याच बिया उरल्या होत्या. म्हातारीने हातानेच विचारलं, निघालीस? मी मान हलवली. तिने सोललेल्या बियांची एक ओंजळ माझ्या रुमालात बांधून दिली आणि पुन्हा टोपल्याकडे वळली.